दिलेले वस्त्र : प्रस्तावना

28 मे 1774 रोजी पुरंदर किल्ल्यावर चाळीस दिवसांच्या एका मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. वडील नारायणराव आदल्या ऑगस्टात शनिवारवाड्यात मारले गेले होते, मूल त्यांच्या माघारी जन्मलेले. वस्त्रे साताऱ्याहून, छत्रपतींकडून आली. सात महिन्यांपूर्वी याच साताऱ्याहून वस्त्रे निघाली होती ती रघुनाथरावांसाठी, म्हणजे पुतण्याच्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर होता त्यांच्यासाठी. साताऱ्याचे रामराजे छत्रपती नावाचे धनी होते. कारभारात त्यांचा शब्द चालत नव्हता, फौज आणि खजिना पुण्याच्या हाती होता. राज्य चालवणारे बारभाई, म्हणजे एकत्र आलेले पुण्याचे कारभारी, होते. तरीही बारभाईंना त्या तान्ह्या मुलासाठी वस्त्रे साताऱ्याहूनच मागवावी लागली. पुण्यात काय शिंपी नव्हते, की किनखाप नव्हता?

या पुस्तकातले सगळे लेख वेगवेगळ्या वाटांनी याच प्रश्नाकडे येतात. विषय आहे अधिकाराचे आणि वैराग्याचे वस्त्र: जामा, अंगरखा, खिलत, चीवर, कफनी, खिर्का, पाद्र्याचा झगा, वकिलाचा गाऊन. वस्त्रांच्या प्रतीकांबद्दल लिहायला बसले की हात आपोआप रंगांच्या यादीकडे जातो. भगवा म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शुचिता, जांभळा म्हणजे राजेपण. अशा याद्या वाचायला सोप्या असतात, पण त्या घेऊन चार पावले चाललात की अडखळायला होते. पांढरे नेसते ती विधवा, तसाच वारकरी, तशीच श्वेतांबर साध्वी. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षेला जमलेले लाखो लोकही पांढऱ्याच कपड्यांत होते. भगवे संन्याशाच्या अंगावर असते, आणि वाल्मीकींच्या रामायणात सीतेच्या दाराशी भिक्षा मागायला आलेल्या रावणाच्या अंगावरही तेच होते. रंग एकच, अर्थ एकमेकांचे वैरी. म्हणून या पुस्तकाने रंगांचा कोश करण्याचा मोह बाजूला ठेवला आहे. वस्त्राचा अर्थ नक्षीत थोडा आणि व्यवहारात फार असतो, असे आमचे म्हणणे आहे. ते कोणी दिले, कोणाच्या देखत दिले, घेणाऱ्याने अंगावर चढवले की तसेच परत पाठवले, आणि एकदा चढवलेले उतरवण्याची मुभा त्याला होती का, हे विचारल्याशिवाय कापड बोलत नाही.

वस्त्र देऊन माणूस बांधून घेण्याची रीत कुठल्या एका दरबाराची नाही. रोममध्ये टोगा कोणी नेसायचा आणि त्याला जांभळा काठ कोणी लावायचा हे ठरलेले होते. चीनमध्ये मिंग राजवटीने 1391 साली अधिकाऱ्यांच्या छातीवर दर्जाची चौकोनी भरतकामे लावण्याचा नियम केला, मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांना श्वापदे. चीनमधलीच त्याआधीची एक हकिकत मला जास्त बोलकी वाटते. 960 साली झाओ क्वांगयिन हा सेनापती मोहिमेवर असताना चेनचाओ येथील मुक्कामी त्याच्या सैनिकांनी त्याच्या अंगावर पिवळा झगा टाकला आणि त्याला सम्राट म्हणून मुजरा केला. तो नको नको म्हणत राहिला, असे सांगतात. सोंग घराण्याची तीनशे वर्षांची राजवट या झग्यापासून सुरू होते. लढाईला निघालेल्या सैन्याच्या सामानात सम्राटाच्या रंगाचा तयार झगा आला कुठून, असे नंतरच्या अनेकांनी विचारले आहे. विचारायलाच हवे. पण झगा न घालता तोच माणूस त्याच सैन्यानिशी राजधानीत शिरला असता तर त्याला बंडखोर म्हटले गेले असते, हेही तितकेच खरे.

आपल्याकडच्या वस्त्रे देण्याच्या चालीची एक मोठी वाट पश्चिम आशियातून येते. काब इब्न झुहैर या कवीने प्रेषित मुहंमदांची आधी निंदा केली होती. शरण येऊन त्याने स्तुतिकाव्य म्हटले तेव्हा प्रेषितांनी अंगावरची चादर त्याच्यावर घातली, अशी परंपरा आहे. ती चादर नंतर खलिफांनी वारशासारखी जपली. अब्बासी खलिफांच्या काळात राज्यकर्त्याच्या तीन खुणा मानल्या जात: शुक्रवारच्या खुतब्यात त्याचे नाव, नाण्यावर त्याचे नाव आणि तिराझ, म्हणजे सरकारी कारखान्यात विणलेल्या कापडाच्या पट्टीवर त्याचे नाव. असे कापड अंगावर घेणारा माणूस चालताबोलता शिक्काच. महमूद गझनवीला 999 साली बगदादहून खिलत, म्हणजे मानाची वस्त्रे, आणि किताब आला, दिल्लीच्या इल्तुतमिशला 1229 साली. दोघांनीही राज्ये तलवारीच्या जोरावर मिळवली होती आणि दोघांच्याही दरबाराला बगदादचा हुकूम प्रत्यक्षात लागू नव्हता. तरी दोघांनी खिलतीचे स्वागत समारंभाने केले, कारण प्रतिस्पर्ध्यांना दाखवायला तलवारीहून वेगळे काहीतरी हवे होते.

मोगलांनी या रीतीचे खातेच उघडले. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे की दर मोसमाला एक हजार पुरे पोशाख शिवले जात आणि त्यांतले 120 कायम हाताशी तयार ठेवलेले असत. खिलतीत तीन, पाच, सात असे नग असायचे. नग वाढले की मान वाढला. सगळ्यांत वरचा मान बादशहाने स्वतः वापरलेल्या कपड्याचा. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याला 1616 साली शहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शहाजहानने, आपल्या अंगावरचा जरीचा झगा दिला. रो मनातून खट्टू झाला. हा झगा रंगभूमीवर तैमूरलंग करणाऱ्या नटाला शोभेल, असे त्याने रोजनिशीत नोंदवले. पण शहजाद्याने वापरलेले वस्त्र मिळणे ही इथली सर्वांत मोठी मेहेरबानी आहे, हेही त्यानेच पुढे लिहिले. त्याची अडचण खरी होती. इंग्रजी रीतीने दुसऱ्याचा वापरलेला कपडा नोकराला द्यायचा. हिंदुस्थानी रीतीने धन्याचा वापरलेला कपडा अंगावर घेतला की माणूस धन्याचा झाला. रोला नेमके तेच व्हायचे नव्हते.

ही देवघेव फक्त बादशहा आणि सरदार यांच्यात चाले असा समज होऊ नये. गावगाड्यातही ती होती. पाटलाच्या वतनी हक्कांत आणि मानपानात शिरपावाचा मान मोजलेला असे, आणि मान पहिला कोणाचा यावरून भाऊबंदांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. महजर आणि निवाडपत्रे वाचताना जमिनीइतकीच या मानांची चुरस दिसते. धारा भरून जमीन टिकते, पण पागोटे दुसऱ्याच्या डोक्यावर आधी बांधले गेले की गावाने आपल्याला धाकटे ठरवले, हे ज्याला त्याला कळत होते. आज लग्नात आहेर करताना 'आधी कोणाला' यावरून जो ताण येतो, तो फार जुना आहे.

या रीतीची धार कळण्यासाठी 1665 आणि 1666 ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. पुरंदरच्या तहानंतर औरंगजेबाचे फर्मान आणि खिलत आली तेव्हा शिवाजी महाराज काही कोस सामोरे गेले आणि त्यांनी ती रीतसर स्वीकारली. तह पाळायचा तर त्याची खूणही पाळायला हवी, हे त्यांना ठाऊक होते. पुढच्या वर्षी 12 मे रोजी आग्र्याला बादशहाच्या वाढदिवसाच्या दरबारात त्यांना मागच्या रांगेत उभे केले गेले. शहजाद्याला, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंहाला खिलती मिळाल्या, महाराजांना नाही. तिथे ते संतापले, रांग सोडून बाजूला झाले. बादशहाने समजूत काढायला सरदारांबरोबर खिलत पाठवली, तर ती त्यांनी अंगावर घ्यायला नकार दिला. ही हकिकत जयपूर दरबाराशी संबंधित समकालीन राजस्थानी पत्रांत आहे, म्हणून तिचे मोल मोठे. आपल्याकडे या प्रसंगावर नाटके, चित्रपट आणि शाळेतली भाषणे झाली आहेत, पण त्यांत भर असतो तो बाणेदार शब्दांवर. माझ्या मते त्या दरबारातले सर्वांत धारदार वाक्य नाकारलेले कापड होते. शब्दांचा अर्थ दुभाषा मवाळ करू शकतो. न घेतलेली खिलत सगळ्या दरबाराला एकदम कळते.

आठ वर्षांनी, 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि वस्त्रे देणारा हात बदलला. आता अष्टप्रधानांना वस्त्रे देणारे महाराज होते. राज्याभिषेकाची चर्चा होते ती छत्र, सिंहासन, शक आणि मंत्र यांची. वस्त्रे देण्याचा हक्क मिळवणे हा त्या समारंभाचा तितकाच मोठा भाग होता, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे मराठी राज्याची सारी बैठक त्याच हक्कावर टिकून राहिली. बाळाजी विश्वनाथांपासून प्रत्येक पेशव्याने छत्रपतींच्या वस्त्रांवर कारभार केला.

याचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रयोग पुण्यात 1792 साली झाला. दिल्लीचा बादशहा शाहआलम चार वर्षांपूर्वी गुलाम कादिराच्या हातून आंधळा झालेला, महादजी शिंद्यांच्या आश्रयाने गादीवर बसलेला. महादजींनी त्याच्याकडून पेशव्यासाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या मुखत्यारीची, खिलत आणली. नाना फडणवीसांना हे पसंत नव्हते; साताऱ्याच्या छत्रपतींचा प्रधान दिल्लीच्या बादशहाची वस्त्रे कशी घेणार, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. शेवटी साताऱ्याची परवानगी आली आणि जूनमध्ये फर्मानबाडीचा समारंभ झाला. शामियान्यात बादशहाच्या नावे रिकामे तख्त मांडले होते. अठरा वर्षांच्या सवाई माधवरावांनी, म्हणजे पुरंदरावरच्या त्याच मुलाने, त्या रिकाम्या तख्ताला तीनदा मुजरा केला, 101 मोहरांचा नजराणा ठेवला आणि मग आत जाऊन खिलत घालून ते बाहेर आले. हिशेब करून पाहा. खिलत देणारा ज्याच्या जिवावर जगतो आहे तो महादजी, महादजी पेशव्यांचा चाकर, पेशवे छत्रपतींचे चाकर, आणि छत्रपती साताऱ्यात. या साखळीत प्रत्यक्ष बळ खालून वर वाहते आहे आणि वस्त्र वरून खाली येते आहे. अशा समारंभाला पोकळ म्हणणे सोपे आहे. पण दुबळ्या हातातून आलेले वस्त्र बलवानांना सोयीचेच असते: देणारा हुकूम गाजवणार नाही आणि घेणाऱ्याला आपल्या बरोबरीच्यांपुढे झुकावे लागणार नाही. सातारच्या वस्त्रांची गरज बारभाईंना का पडली, याचे माझे उत्तर हेच आहे. बारांपैकी एकानेही ती वस्त्रे दिली असती तर उरलेल्या अकरांनी ती मानली नसती.

इंग्रजांनी हा व्यवहार बाजारभावाने पाहिला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळालेल्या खिलती तोशाखान्यात जमा होत आणि पुढच्या कोणा राजाला द्यायला बाहेर निघत. वस्त्राने नाते जोडायचे असते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ते नाते नको होते. 1861 साली 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब सुरू झाला तेव्हा मात्र त्यांनीही फिकट निळ्या साटिनचा झगा शिवून घेतलाच. 12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात काठी घेऊन गेले, एकदाच लवून पाठ फिरवून परतले. इंग्रजी वर्तमानपत्रांत किती दिवस गदारोळ चालला! पाठ फिरवण्याबद्दल जितके लिहिले गेले, जवळजवळ तितकेच पोशाखाबद्दल.

धर्माच्या प्रांतात याच व्यवहाराचे तोंड उलटे फिरते. दरबारात भरजरी वस्त्र माणसाला वर चढवते. संघात आणि मठात फाटके वस्त्र. पाली विनयात चीवरांसाठी एक आख्खे प्रकरण आहे आणि त्याइतके रसाळ कायद्याचे पुस्तक मी तरी वाचलेले नाही. सुरुवातीला भिक्षू स्मशानातल्या आणि उकिरड्यावरच्या चिंध्या वेचत. उज्जैनच्या राजाने जीवक वैद्याला उपचाराबद्दल शिबी देशाचे अत्यंत मोलाचे कापड पाठवले, जीवकाने ते बुद्धांना दिले, आणि तेव्हापासून गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची मोकळीक झाली. मग प्रश्न आला, चांगले कापड घेतले तर भिक्षू आणि शेट यांत फरक काय? बुद्धांनी मगधातल्या भातखाचरांचे बांध दाखवले आणि त्यांचा शिष्य आनंद याने त्या खाचरांसारखे तुकडे जोडून चीवर बेतले. कापड मोलाचे असले तरी ते आधी फाडायचे, मग जोडायचे. त्याची किंमत अशी मोडून टाकली.

याच आनंदाला एकदा राजा उदयनाच्या अंतःपुरातून पाचशे वस्त्रे मिळाली. राजाने विचारले, इतक्यांचे करणार काय? ज्यांची चीवरे विरली त्यांना वाटून देऊ. आणि जुन्यांचे? पलंगपोस. त्यांचेही जुने झाले की गाद्यांच्या खोळी, मग अंथरायला, मग पाय पुसायला, मग फडकी, आणि शेवटी कुटून मातीत मिसळून जमीन सारवायला. गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही मराठी आजीला हे उत्तर पाठ असते. राजाने खूश होऊन आणखी पाचशे दिली. दरबारी खिलत तोशाखान्यात घडी मोडू न देता ठेवायची. हे वस्त्र झिजवून संपवायचे. दोन संस्कृतींतला फरक यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

पण विरक्तांचे वस्त्रही सत्तेची खूण होऊ शकते. झेन परंपरेत गुरूने शिष्याला चीवर आणि पात्र देणे म्हणजे गादी देणे. सहावे आचार्य ह्वेनंग हे आश्रमात भात सडणारे मजूर. गुरूंनी त्यांना रात्री गुपचूप चीवर दिले आणि पळून जायला सांगितले. पाठलाग करणाऱ्या भिक्षूला खडकावर ठेवलेले ते चीवर उचलेना, अशी कथा आहे. ह्वेनंग यांच्यापाशी चीवर देण्याची ही चाल थांबली. एका कापडासाठी भिक्षू एकमेकांच्या जिवावर उठतात हे पाहून ती थांबवली गेली, असा कथेचा सूर आहे. सूफी गुरू शिष्याला देतात त्या अंगरख्याचे, खिर्क्याचे, असेच. दिल्लीचे नसीरुद्दीन चिराग यांनी निजामुद्दीन औलियांकडून आलेला खिर्का पुढे कोणाला न देता आपल्याबरोबर कबरीत ठेवायला सांगितला. खुलदाबादला झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात प्रेषितांचा म्हणून मानला जाणारा अंगरखा जतन केलेला आहे. त्याच दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघडी कबर आहे. आणि हा सगळा जुना मामला आहे असे कोणाला वाटत असेल तर कंदाहारकडे पाहावे. 4 एप्रिल 1996 रोजी मुल्ला उमर याने तिथल्या दर्ग्यातली प्रेषितांची म्हणून जपलेली चादर जमावापुढे दाखवली आणि 'अमीर-उल-मोमिनीन' ही पदवी घेतली.

जैनांमध्ये तर प्रश्न वस्त्र कोणते असा नसून असावे की नसावे असा झाला, आणि त्यावरून दिगंबर-श्वेतांबर असे दोन पंथ उभे राहिले. आपल्या मुलखातली सर्वांत दुखरी कथा मात्र वस्त्र उतरवण्याची आहे. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते परत संसारात आले. भगवे उतरले, पण आळंदीच्या ब्रह्मवृंदाने ते उतरलेले मानले नाही, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांना 'संन्याशाची पोरे' म्हणून वाळीत राहावे लागले. वारकरी पंथाने पुढे संसार न सोडता, वेष न पालटता भक्तीची वाट धरली, त्यामागे ही जखम किती आहे, हे मोजता येत नाही. पण ती नाही असे म्हणणे मला अवघड जाते.

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी उसनी वस्त्रे घालून पाहिली. फ्रान्सिस झेवियर यांना जपानात फाटक्या झग्यात कोणी दाद देईना, तेव्हा 1551 मध्ये यामागुचीच्या सरदारापुढे ते उंची पोशाखात गेले. मातेओ रिची चीनमध्ये आधी बौद्ध भिक्षूच्या वेषात राहिले, 1595 पासून विद्वानाच्या रेशमी झग्यात. मदुरेला रॉबर्तो दे नोबिली यांनी संन्याशाची काषाय वस्त्रे घेतली आणि सहधर्मीयांतच वादळ उठले. 1619 साली गोव्यात धर्मसभा बसली आणि 1623 साली पोपने जानवे, शेंडी, चंदन अशा खुणांना सशर्त मान्यता दिली. काषाय वस्त्रातला ख्रिस्ती साधू वेष पांघरतो आहे की खरोखर संन्यासी आहे, हा प्रश्न त्या सभेत सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही.

वेष आणि माणूस यांतल्या या फटीवरच कथा जगतात. राजांनी वस्त्रांवर जितका विश्वास ठेवला, तितकाच लोककथांनी अविश्वास. पंचतंत्रातला वाघाचे कातडे पांघरलेला गाढव ओरडला की फसतो. मेजवानीत आपल्या कोटालाच जेवू घालणारा मुल्ला नसरुद्दीन तर घरोघरी ठाऊक आहे. अँडरसनची नागड्या राजाची गोष्ट 1837 ची, पण तिचे बीज स्पेनमधल्या 1335 च्या एका कथासंग्रहात आहे. वस्त्र देणे म्हणजे बांधून घेणे असेल, तर दिलेले वस्त्र जीवही घेऊ शकते, ही भीती ग्रीक कथांत हेराक्लिसच्या अंगाला चिकटून जाळणाऱ्या अंगरख्याची होते, मीडियाने सवतीला पाठवलेल्या झग्याची होते, आणि राजस्थानात टॉडने टिपलेल्या दंतकथेत औरंगजेबाने जसवंतसिंहाच्या मुलाला दिलेल्या विषारी खिलतीची. इतिहास म्हणून ती दंतकथा टिकत नाही. खिलतीबद्दल रजपुतांच्या मनात काय होते, याचा पुरावा म्हणून ती भक्कम आहे. रामायणातला एक प्रसंग मला या सगळ्यांहून थोर वाटतो: कैकेयीने वल्कले पुढे केली तेव्हा राम-लक्ष्मणांनी ती नेसली, पण सीतेला ती नेसता येईनात. एक हातात, एक गळ्याशी धरून ती उभी राहिली. राजवाड्यात रडू फुटले ते तेव्हा. आणि आपल्या दारात येणारे वासुदेव, गोंधळी, पोतराज यांचे पायघोळ अंगरखे, मोरपिसांची टोपी, चिंध्यांचा घेर हेही कथेचेच वस्त्र आहे. ते अंगावर असेपर्यंत माणूस देवाचा, उतरवले की उद्याच्या भाकरीच्या विवंचनेत.

या विषयाचा अभ्यास कसा वाढला, हे थोडक्यात सांगायला हवे. आधी आले वर्णन करणारे: शिल्पे, चित्रे, ग्रंथ पाहून कोण काय घालत होते याची नोंद करणारे. मोतीचंद्रांचे 'प्राचीन भारतीय वेशभूषा' आणि गो. स. घुर्ये यांचे 1951 चे भारतीय पोशाखावरचे पुस्तक हे या पंथाचे खांब; दोघेही मुंबईत बसून लिहिणारे. त्यांच्यावाचून पुढचे कोणीच काही करू शकले नसते, पण कापड कोणाकडून कोणाकडे गेले हे त्यांनी फारसे विचारले नाही. तो प्रश्न 1920 च्या दशकात एफ. डब्ल्यू. बकलरने राजकारणाच्या बाजूने विचारला. खिलत घेणारा राजाच्या देहाचाच अवयव होतो, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. मलाही तो अति नीटस वाटतो. पण बर्नार्ड कोहन यांनी इंग्रजी राजवटीतली वस्त्रे वाचली ती याच पायावर, आणि मराठ्यांचे अभ्यासक स्टुअर्ट गॉर्डन यांनी 2001 आणि 2003 मध्ये खिलतीवरचे दोन लेखसंग्रह संपादित करून चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंतचा पट एकत्र मांडला. मानववंशशास्त्रज्ञांनी मार्सेल मोसच्या दान-प्रतिदानाच्या विचाराला धरून कापडाकडे पाहिले. कथांच्या अभ्यासकांनी विषारी वस्त्रांच्या कथा देशोदेशी मोजल्या. हे सगळे एकमेकांचे फारसे वाचत नाहीत, ही या क्षेत्राची जुनी खोड आहे. विनयाचा अभ्यासक दरबारात डोकावत नाही, आणि खिलतीचा अभ्यासक भिक्षूच्या चीवराला धर्माचा विषय म्हणून सोडून देतो.

मराठीत या विषयावर एकत्र असे पुस्तक आता का, असे विचारले जाईल. बखरी, महजर, पेशवे दफ्तर, संतचरित्रे इतका ऐवज ज्या भाषेत पडून आहे तिने वाट कशाला पाहावी, हे एक उत्तर. दुसरे उत्तर वर्तमानपत्रात आहे. 2010 साली भोपाळच्या एका पदवीदान समारंभात जयराम रमेश यांनी वसाहतीची खूण म्हणून गाऊन उतरवला. 2015 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीदानासाठी हातमागाच्या वस्त्रांची सूचना केली. ऑगस्ट 2024 मध्ये आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून भारतीय पोशाख घ्यायला सांगितले. 2020 मध्ये टाळेबंदीत न्यायालये पडद्यावर आली तेव्हा वकिलांना काही काळ कोट आणि गाऊनमधून सूट मिळाली, आणि गाऊनशिवाय युक्तिवाद युक्तिवाद राहतो का, यावर बऱ्याच जणांनी हिरीरीने मते मांडली. या चर्चांत झगा देशी की विलायती एवढेच विचारले जाते. पदवीचा झगा विद्यार्थ्याच्या अंगावर कोण घालतो, आणि तो भाड्याचा असून संध्याकाळी परत द्यायचा असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या मते तोच अभ्यासाचा विषय. शाल-श्रीफळाचेही तसेच. सत्कारात मिळालेल्या शाली पुढच्या सत्काराला जातात, याची थट्टा होते. तोशाखान्याची कीर्द पाहिलेला माणूस मात्र हसत नाही, तो फक्त मान डोलावतो.

या पुस्तकाची रचना कालक्रमाने नाही. लेख देणे, घालणे, नाकारणे आणि उतरवणे या चार क्रियांभोवती गोळा केले आहेत, त्यामुळे आग्र्याचा दरबार आणि मदुरेचा मिशनरी शेजारी येतील. ते जाणूनबुजून केले आहे. काही गोष्टी हातून सुटल्या आहेत. बायकांनी बायकांना दिलेली वस्त्रे, ओटीतला खण, लेकीच्या बाळंतपणातले लुगडे, यांच्यावर एकच लेख आहे, आणि तो संग्रहातला सर्वांत चांगला लेख असूनही एकटाच आहे. दफ्तरांत या देवघेवीची नोंद होत नसे हे खरे, पण जात्यावरच्या ओव्यांत ती होती, आणि तिकडे आम्ही पुरेसे गेलो नाही. विणकर, रंगारी, शिंपी, परीट हे तर समारंभाच्या वर्णनात कधीच नसतात. नामदेव शिंपी आणि कबीर विणकर नसते तर भक्तीच्या इतिहासातही ते नसते. पैठणच्या आणि बुऱ्हाणपूरच्या मागांवर दरबारी कापड विणणाऱ्यांना काय मजुरी मिळे आणि खिलतीचे पैसे थकले तर ते कोणाच्या दारात उभे राहत, यावर दुसरा खंड व्हावा, अशी इच्छा आहे. त्यासाठीची कागदपत्रे निवडायला सुरुवात झाली आहे.

ज्यांना या विषयाची काहीच ओळख नाही त्यांनी पहिल्या लेखापासून सुरुवात करण्याची गरज नाही. मराठी इतिहास आवडणाऱ्यांनी फर्मानबाडीच्या लेखाने सुरुवात करावी, तो लांब आहे पण त्यात पात्रे ओळखीची भेटतील. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी थेट चीवरांच्या लेखाकडे जावे, आणि तिथे शिलाईचे मोजमाप देणारा भाग आला तर तो न वगळता वाचावा.